नर्मदेचा समोरचा काठ

नर्मदा परिक्रमा करणाऱ्याने नदी ओलांडायची नसते. ती कायम उजव्या हाताला ठेवायची, हा परिक्रमेचा पहिला नियम. मराठी वाचकाला सातपुड्यातला धडगावकडचा मुलूख बहुधा परिक्रमेच्या वर्णनांतूनच भेटतो. शूलपाणीची झाडी, अंगावरचे सगळे काढून घेणारे भिल्ल आणि लंगोटीवर पुढे निघालेला परिक्रमावासी, एवढेच चित्र मनात राहते. त्याच झाडीत घर असलेल्या पावरा आणि भिल्ल माणसाचा नदीशी व्यवहार मात्र अगदी उलटा होता. त्याला वरचेवर पलीकडे जावे लागे. लेक समोरच्या काठाला दिलेली, सून तिकडून आणलेली. राणी काजल देवीला मानणारे दोन्ही काठांवर होते. होळीच्या दिवसांत भोंगऱ्याचे ढोल वाजू लागले की इकडची माणसे तिकडे आणि तिकडची इकडे येत. नदी म्हणजे गावाच्या मधून जाणारी वाट, इतकी ती जवळची.

ही वाट बंद कशी झाली आणि ज्या नदीवर पुलाची कधी गरज भासली नव्हती तिथे पूल हा जगण्यामरण्याचा प्रश्न का झाला, याचा इतिहास सांगायला हवा. धडगावबद्दलच्या सरकारी अहवालांत तो तुकड्यातुकड्यांनी सापडतो. सलग कुठे नाही.

नर्मदा अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहते. त्यातले महाराष्ट्राच्या वाट्याला काय येते? ३५ किलोमीटर ती महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांची सीमा असते आणि पुढे ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात यांची. दोन्ही काठ महाराष्ट्राचे आहेत असे एकही ठिकाण नाही. आपल्याकडे फक्त दक्षिणेचा काठ. हा सगळा काठ नंदुरबार जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत आहे, अक्राणी आणि अक्कलकुवा. धडगाव हे अक्राणी तालुक्याचे ठाणे.

सीमा म्हणून ही नदी जुनी आहे. इंग्रजी अमलात दक्षिणेला मुंबई इलाख्यातला खानदेश होता, १९०६ नंतर पश्चिम खानदेश. उत्तरेला अलिराजपूर, मथवाड, छोटा उदेपूर अशी संस्थाने. संस्थाने विलीन झाली, १९५६ मध्ये अलिराजपूरकडचा उत्तर काठ मध्य प्रदेशात गेला, १ मे १९६० रोजी मुंबई राज्य दुभंगले आणि एकाच पात्राला तीन राज्ये लागली. कागदावरच्या या उलथापालथीचा काठावरच्या माणसाला फारसा पत्ता नव्हता. उन्हाळ्यात पात्र आकसे, काळे खडक उघडे पडत आणि होडीचा प्रवास थोडक्यात उरके. पावसाळ्यात नदी बेफाम होई तेव्हा चार महिने येणेजाणे थांबे, पण ते चार महिने सगळ्यांना ठाऊक असत आणि त्यांचा हिशेब लग्नकार्यापासून पेरणीपर्यंत सगळीकडे धरलेला असे.

राज्य स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, ५ एप्रिल १९६१ रोजी, पंडित नेहरूंनी गुजरातमध्ये नवागामच्या धरणाची कोनशिला बसवली. तिथून नदीच्या वाटपाचा झगडा सुरू झाला. त्यातला एक टप्पा आज जवळपास विसरला गेला आहे. १९६५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी आपसांत करार केला की, सामाईक सीमेवर जलसिंधी इथे दोघांनी मिळून धरण बांधायचे आणि वीज वाटून घ्यायची. जलसिंधी हे अलिराजपूरच्या बाजूचे गाव, अक्राणीच्या डोमखेडी-निमगव्हाणच्या समोरचे. दोन शेजारी राज्ये या पात्रावर एकत्र काही बांधू पाहत होती असा तो प्रसंग. गुजरातला नवागामला उंच धरण हवे होते आणि ते झाले तर जलसिंधी पाण्याखाली जाणार होते. करार कागदावरच राहिला.

६ ऑक्टोबर १९६९ रोजी नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेला, न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी अध्यक्ष. दहा वर्षे सुनावणी चालली. डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा आला आणि नवागामच्या धरणाची, म्हणजे सरदार सरोवराची, पूर्ण पातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरली. पाणीवाटपात महाराष्ट्राला पाव दशलक्ष एकरफूट, म्हणजे सुमारे १०.८९ टीएमसी पाणी मिळाले. विजेत २७ टक्के. मध्य प्रदेशाला विजेतले ५७ टक्के, गुजरातला १६. जलसिंधीच्या बदल्यात महाराष्ट्राच्या पदरी ही वीज पडली, असा त्याचा सरळ अर्थ. आणि या विजेची किंमत म्हणून ३३ गावे बुडितात धरली गेली, ९ अक्कलकुव्याची आणि २४ अक्राणीची.

गावांची मोजदाद झाली, घरांची झाली, झाडांचीही पुढे झाली. काठाकाठातल्या येण्याजाण्याची किंमत कुणी मांडली नाही. माझ्या मते या प्रकल्पाच्या हिशेबातली सर्वांत मोठी चूक ती आहे. जमीन गेलेल्याला जमीन, घर गेलेल्याला घर हे निदान निवाड्यात लिहिले तरी गेले. ज्याची समोरच्या काठावरची बहीण दिसायला समोरच राहिली पण पोहोचायला लांब गेली, त्याला बाधित म्हणण्याची सोय कुठल्याच रकान्यात नव्हती.

पुढचा भाग वाचकांना बराच माहीत आहे. १९८५ मध्ये मेधा पाटकर या खोऱ्यात आल्या, गावोगावी फिरल्या, संघटना उभी राहिली. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल १९९२ च्या जूनमध्ये आला आणि पुढच्या मार्चमध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. अक्कलकुव्यातले मणिबेली हे महाराष्ट्रातले पाणी शिरलेले पहिले गाव. तिथले शूलपाणेश्वराचे जुने मंदिर १९९४ मध्ये पाण्याखाली गेले. ज्या देवाच्या नावाने ती झाडी ओळखली जाई तो देवच आधी बुडाला. १९९९ च्या पावसाळ्यात डोमखेडीत माणसे चढत्या पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहिली. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला वाट मोकळी केली आणि भिंत चढत गेली, २००२ मध्ये ९५ मीटर, २००४ मध्ये ११०.६४, २००६ मध्ये १२१.९२.

बिलगावची गोष्ट इथे थांबून सांगितली पाहिजे. अक्राणी तालुक्यातले हे गाव उदई नदीवर आहे. नदी तिथे कड्यावरून पडते. केरळातून आलेल्या दोन तरुण अभियंत्यांनी ती पडताना पाहिली आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन छोटा बंधारा, पाट आणि टर्बाइन असे जुळवून १५ किलोवॅटचे वीजघर उभे केले. दगड गावाने वाहिले, चर गावाने खणले. जानेवारी २००३ मध्ये पाड्यापाड्यांत दिवे लागले. सरकारी तार तिथे कधी पोहोचली नव्हती. ‘स्वदेस’ चित्रपटात गावकरी पाण्यावर वीज तयार करतात तो प्रसंग या बिलगाववरून सुचला. पण ज्या धरणातून महाराष्ट्राला २७ टक्के वीज मिळणार होती त्याच धरणाच्या पाण्याने २००६ मध्ये बिलगावचे वीजघर बुडवले. तीन वर्षे उजेड राहिला.

पाणी चढले तसे गावांचे टापू झाले. डोंगराच्या सोंडा पाण्यातून वर राहिल्या आणि त्यांच्या मधल्या खोऱ्यांत, जिथून पायवाटा जात, तिथे फुगवटा शिरला. काही कुटुंबे तळोद्याकडे सोमावल, रोझवा, शहाद्याकडे वडछील अशा वसाहतींत गेली. तळोद्याच्या जंगलातली चार हजार हेक्टरांच्या आसपास जमीन त्यासाठी मोकळी केली गेली. काही कुटुंबे वर सरकून तिथेच राहिली. राहिलेल्यांसाठी नदीची वाट आता सरोवराची झाली. आणि सरोवर ही नदीपेक्षा फार वेगळी गोष्ट आहे.

ते वेगळेपण एका आकड्यात आहे. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, तर पाणी जिथपर्यंत खाली नेता येते ती किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे एका वर्षात पाणी २८ मीटर वरखाली होऊ शकते, नऊ मजली इमारतीइतके. ऑक्टोबरात जिथे होडी लागते तिथून मे महिन्यात पाण्यापर्यंत उतरायचे तर मध्ये गाळाचा उतार असतो, वरून सुकलेला, आतून गुडघाभर चिखलाचा. कायमचा घाट बांधता येत नाही, कायमचा धक्का बांधता येत नाही. खाली बुडालेल्या झाडांचे खुंट असतात, ते होडीच्या तळाला लागतात. पूर्वीचा नावाडी नदीचा प्रवाह वाचायचा; इथे प्रवाहच नाही, वारा आहे, आणि उघड्या पाण्यावर वाऱ्याने उठलेल्या लाटा या डोंगरातल्या माणसाने पूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या.

याच पाण्यावरून सरकार गावांपर्यंत जाऊ लागले. तरंगता दवाखाना आला, बार्ज आले, निवडणुकीत मतदानयंत्रे घेऊन कर्मचारी होडीतून मणिबेलीकडे गेले. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, चिमलखेडीच्या अंगणवाडीत येणे माणसांनी थांबवले तेव्हा तिथल्या सेविकेने एका मासेमाराकडून छोटी होडी मागून घेतली आणि अलीगाट, दादर या पाड्यांवर स्वतः वल्हवत जायला सुरुवात केली. जाऊन-येऊन सुमारे १८ किलोमीटर. सोबत पोषण आहाराची पाकिटे आणि बाळांचे वजन करायचा काटा. पाड्याच्या खाली होडी बांधायची, चढ चढायचा, बाळाला झोळीत घालून वजन करायचे, वहीत लिहायचे, आईला चार गोष्टी सांगायच्या आणि अंधार पडायच्या आत परत पाण्यावर. देशभर तिचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण एका आईला, जिची स्वतःची लेकरे घरी होती, बाळांची वजने घेण्यासाठी दोन्ही हातांनी सरोवर कापावे लागले, याची लाज महाराष्ट्राला वाटली पाहिजे.

त्याच्या सव्वा वर्ष आधी, १५ जानेवारी २०१९ रोजी, अक्राणी तालुक्यातल्या भुषा इथे संक्रांतीला नर्मदेची पूजा करायला निघालेल्या माणसांची होडी उलटली. साठच्या आसपास माणसे होडीत होती. सहा जणांचा जीव गेला, त्यात लहान मुले होती.

आता पुलाकडे वळतो.

नर्मदेवर पूल बांधणे ही काही नवी गोष्ट नाही. भरूचला अंकलेश्वरकडे जाणारा लोखंडी पूल ७ डिसेंबर १८७७ रोजी बांधायला घेतला आणि १६ मे १८८१ रोजी खुला झाला. लोक त्याला सोनेरी पूल म्हणतात. मोरटक्क्याला होळकर स्टेट रेल्वेचा पूल त्याच्याही आधीचा. मुंबई-आग्रा रस्ता खलघाटाला नदी ओलांडतो. कापूस, अफू, फौज आणि टपाल जिथून जायचे तिथे पूल आले. सरोवर भरू लागले तेव्हा बडवानीजवळचा पूल आणि खाली केवडिया-गरुडेश्वरचा पूल यांच्या मधल्या लांबच लांब पट्ट्यात मोटार जाईल असा पूल नव्हता. अक्राणीत मोह, चारोळी आणि डिंक होता. त्यासाठी कुणी लोखंड ओतत नसते.

शिवाय इथे पूल बांधायचा तर तो साधा चालत नाही. धरणाच्या भिंतीशी पाणी शंभर मीटरांहून खोल आहे; वर अक्राणीकडे ते कमी होत जाते, तरी भर पात्रात बांध घालून, पाणी उपसून, ओळीने खांब रोवावेत असे ते नाही. त्यात २८ मीटरांचा चढउतार. अशा ठिकाणी अभियंत्याच्या हाताशी एक जुना आणि पारखलेला उपाय आहे, पोलादी कॅन्टिलिव्हर पूल.

कॅन्टिलिव्हर म्हणजे काय हे आपल्याला घरातच कळते. खिडकीवरचा सज्जा भिंतीत एका टोकाने घट्ट धरलेला असतो आणि दुसरे टोक अधांतरी असते. तसे दोन मोठे सज्जे दोन काठांवरून एकमेकांकडे वाढवत न्यायचे आणि मधल्या फटीत एक तुळई टेकवायची. स्कॉटलंडमधल्या फोर्थ पुलाचा अभियंता बेंजामिन बेकर याने १८८७ मध्ये हे माणसे बसवून दाखवले होते. दोन खुर्च्यांवर दोन माणसे, हात बाजूला पसरलेले, हातांत काठ्या खुर्चीशी टेकवलेल्या. त्यांच्या बाहेरच्या हातांना विटांचे ढीग बांधलेले. आतल्या हातांवर एक फळी, आणि फळीवर कैची वातानाबे नावाचा जपानी अभियंता बसलेला. त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. त्याचा भार हातांवर, काठ्यांवर, खुर्च्यांवर आणि शेवटी विटांच्या ढिगांवर जातो. त्या छायाचित्रात सगळे गणित आहे. खाली आधार लागत नाही, कारण पूल स्वतःच्याच बांधलेल्या भागावर उभा राहून पुढे सरकतो. पाणी खोल असो की पूर असो, काम वर चालू राहते.

या प्रकारचा पूल आपल्या ओळखीचाही आहे. सिंधू नदीवर सक्कर-रोहरीला प्रवाह इतका खोल आणि ओढीचा होता की तिथे खांब घालण्याचा नाद सोडून द्यावा लागला. आगगाडीचे डबे बोटीवर चढवून पलीकडे नेत. २५ मार्च १८८९ रोजी तिथे लॅन्सडाउन पूल खुला झाला, मधला गाळा ७९० फुटांचा, खाली एकही खांब नाही. सक्कर तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि पूल खुला करायला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे गेले होते. अक्राणी महालही त्याच गव्हर्नरच्या अमलाखाली. म्हणजे आमच्याच इलाख्यात, सव्वाशे वर्षांहून आधी, हे तंत्र वापरून झाले होते. हावडा पूल ३ फेब्रुवारी १९४३ रोजी सुरू झाला. १५०० फुटांचा गाळा, साडेसव्वीस हजार टन पोलाद आणि त्यातले बहुतेक जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातले. तोही कॅन्टिलिव्हरच, आणि त्यावर मुख्यतः माणसे आणि गाड्याच चालतात.

या तंत्राने बळीही घेतले आहेत. कॅनडातला क्वेबेकचा पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधता बांधताच कोसळला आणि ७५ कामगार मेले. १९१६ मध्ये मधली तुळई चढवताना पुन्हा १३. वजनाच्या हिशेबातली चूक वेळीच मान्य केली गेली नाही, हे पहिल्या अपघाताचे कारण. पूल अखेर १९१७ मध्ये झाला. अवघड जागी पूल बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे म्हणून लिहिले.

तेव्हा प्रश्न तंत्राचा नाही. पोलाद भारतात आहे, अभियंते आहेत, एक गाळा कसा टाकायचा हे ठाऊक आहे. अडते ते दोन ठिकाणी. एक, दोन राज्यांचा पूल म्हणजे दोन बांधकाम खाती, दोन अंदाजपत्रके, दोन वनखाती. आणि दोघांनाही तो आपल्या राज्याच्या अगदी टोकाला वाटतो. मुंबईहून धडगाव लांब, भोपाळहून अलिराजपूर लांब. १९६५ चा जलसिंधी करार वाचला तर कळते की दोन्ही सरकारांना एकाच पात्रावर एकत्र यायला जमते, वीज मिळणार असेल तर. दुसरे, पूल म्हणजे फक्त पाण्यावरचा भाग नाही. तळोद्याहून धडगावला येणारा चांदसैली घाट पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडतो. तिथे अडकलेल्या माणसाला समोरचा काठ मोकळा असून काय उपयोग? पाड्यावरून आजारी माणूस बांबूच्या झोळीत घालून, चार खांद्यांवर, किलोमीटरमागून किलोमीटर आणतात. त्याला नंदुरबारची पत्रकार मंडळी बांबूलन्स म्हणतात. ही झोळी जिथे संपते तिथपर्यंत डांबरी रस्ता आला पाहिजे, मग पुलाचा गाळा.

ज्या पाण्यावर पूल हवा ते पूर्ण पातळीला आल्याची तारीखही नोंदवून ठेवतो. १७ जून २०१७ रोजी धरणाचे दरवाजे बंद झाले आणि १५ सप्टेंबर २०१९ रोजी पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरला टेकले. भुषाची होडी उलटल्याला तेव्हा बरोबर आठ महिने झाले होते.

अक्राणी तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी इथल्या ग्रामसभेला आपल्या गावात काय व्हावे यावर बोलण्याचा हक्क दिला आहे. धरणाची जागा ठरली तेव्हा काठावरच्या कुणाला विचारले नव्हते. या पाण्यावरच्या प्रत्येक पुलाची जागा, त्याचे जोडरस्ते आणि होडीवर पोट असलेल्या नावाड्यांचे पुढे काय, हे दोन्ही काठांवरच्या ग्रामसभांत आधी मांडावे. बिलगाव, भुषा, निमगव्हाण, डोमखेडी आणि समोरचे जलसिंधी, काकराणा यांतली माणसे कुठून ओलांडायचे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पहिला आराखडा त्यांच्यासमोर ठेवावा, एवढी विनंती दोन्ही सरकारांना आहे.